उणे वीस अंश, पाच फूट पाया आणि चरबीचं सिमेंट

अमेरिकेत मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या दोन राज्यांच्या हद्दीवरून सेंट क्रॉय नदी वाहते. काठाला उंच कडे, कड्यांवर घरं, आणि खिडकीतून नदीचं फुकट दर्शन. जानेवारीत पारा उणे 20 च्या खाली गेला तरी तिथे त्याची बातमी होत नाही. अशा ठिकाणी उतारावर घर बांधायचं, गाडीसाठी काँक्रीटचा रस्ता ओतायचा, मागे दरड थोपवायला भिंत घालायची, तर आपल्याकडच्या मुकादमाला अर्धी विद्या उलटी करून शिकावी लागेल. त्या उलट्या विद्येतल्या या काही गमती. गुन्हेगार आधीच सांगून टाकू या: पाणी. थंडी त्याला फक्त चिथावते.

हवा काढा की हवा भरा?

आपल्याकडे स्लॅब पडताना व्हायब्रेटर घुसवून हवा काढतात. तिथे मोठे पोकळ फुगे असेच काढतात, पण बारीक बुडबुडे मुद्दाम भरतात. उघड्यावरच्या काँक्रीटमध्ये साधारण 5 ते 8 टक्के हवा असलीच पाहिजे, नाहीतर ते दोनचार हिवाळ्यांत सालपटं टाकतं.

हा शोध लागला तो चरबीमुळे. 1930 च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात काही काँक्रीट रस्त्यांचे तुकडे हिवाळ्याला चांगलेच पुरून उरले आणि शेजारचे मात्र उखडले. शोध घेतल्यावर कळलं की टिकलेल्या तुकड्यांचं सिमेंट दळताना गिरणी नीट चालावी म्हणून त्यात गुरांची चरबी घातली होती. काँक्रीट कालवताना तिचा फेस झाला आणि त्या फेसाचे बुडबुडे आतच राहिले. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, आणि दबलेल्या पाण्याला शिरायला हे बुडबुडे मोकळी खोली देतात. पुढे चरबी गेली आणि पाइनच्या बुंध्यांपासून काढलेली राळ आली. 1940 च्या दशकात टी. सी. पॉवर्स या संशोधकाने मोकळ्या खोल्या किती जवळजवळ हव्यात याचं गणित मांडलं, आणि आज पाळला जाणारा अंदाज असा की सिमेंटच्या लगद्यातल्या कुठल्याही जागेपासून जवळच्या बुडबुड्यापर्यंतचं अंतर 0.2 मिलिमीटरहून जास्त नको. किंमत मोजावी लागते ती अशी: हवा एक टक्का वाढली की ताकद साधारण 5 टक्के घटते. तरी तिथे हा सौदा आनंदाने करतात.

प्रयोगशाळेत अशा काँक्रीटची परीक्षाही छळवादी असते. नमुना गोठवायचा, वितळवायचा, परत गोठवायचा, असं 300 वेळा. सतत कडाक्याची थंडी काँक्रीटला तितकी त्रास देत नाही. दुपारी वितळलं, रात्री गोठलं, हे रोजचं येणं-जाणं त्याला मारतं.

जमीन फुगते ती का?

पाणी फुगतं म्हणून ओली जमीन फुगते, असं कुणीही पटकन सांगेल. स्टीफन टेबर नावाच्या अमेरिकन भूवैज्ञानिकाला ते पटलं नाही. 1929-30 च्या सुमारास त्याने मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरून ती गोठवली. बेंझीन गोठताना आकसतं. म्हणजे माती खाली बसायला हवी होती. ती वर आली!

कारण असं: गोठणारा थर खालच्या ओलाव्याला स्वतःकडे ओढत राहतो आणि बर्फाचे आडवे पापुद्रे जाडजाड होत जातात. पापुद्रा वाढला की वरचं सगळं उचललं जातं, मग ते घर असो की कुंपणाचा खांब. वाळूतून पाणी निघून जातं, चिकण मातीतून ते फार सावकाश सरकतं. सगळ्यात खोडकर तो मधला प्रकार, म्हणजे नदीचा बारीक गाळ. नदीकाठी प्लॉट घेणाऱ्याच्या नशिबी अनेकदा नेमका तोच येतो. या भागातल्या शेतांत दर वसंतात नवे दगड वर येतात तेही याच उद्योगामुळे. शेतकरी ते मुकाट्याने वेचून बांधावर टाकतात.

म्हणून मिनेसोटाचा बांधकाम नियम सांगतो की पाया राज्याच्या दक्षिणेत 42 इंच आणि उत्तरेत 60 इंच खोल हवा, हिवाळ्यात जमीन जिथवर गोठते त्या रेषेच्या खाली. पाच फूट खणलंच आहे तर आणखी थोडं खणून खोलीच काढू, असा हिशेब तिथल्या लोकांनी केला, आणि तळघर हा तिथल्या घरांचा कायमचा मजला झाला.

तळघरात ऊब असेल तोवर बाहेरची जमीनही शहाण्यासारखी वागते. पण घर अर्धवट बांधून हिवाळाभर उघडं टाकलं, किंवा उन्हाळी बंगली बंद करून हीटरही बंद केला, तर जमीन पायाच्या खालीही गोठते आणि रिकामं घर उचलते. आणखी एक गंमत म्हणजे बर्फ ही जमिनीची दुलई आहे. फावड्याने बर्फ काढून लख्ख ठेवलेल्या रस्त्याखालची जमीन शेजारच्या बर्फाळ हिरवळीपेक्षा जास्त खोल गोठते. कष्टाळू घरमालकाला निसर्गाने दिलेलं हे बक्षीस!

घराबाहेरच्या लाकडी ओट्याचे, म्हणजे डेकचे, खांब तर विशेष लबाड. पाया खोल असूनही गोठलेली माती खांबाच्या अंगाला चिकटते आणि त्याला वर ओढते. त्यावर उपाय म्हणजे गुळगुळीत पुठ्ठ्याच्या नळकांड्यात काँक्रीट ओतायचं, खाली घंटेसारखा रुंद पाय द्यायचा. वर ओढलं तरी पाय अडकून बसतो.

ज्याने खोल खणायचं नाकारलं

अमेरिकन वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट. विस्कॉन्सिनच्या मॅडिसन शहरात 1937 मध्ये त्याने जेकब्ज कुटुंबासाठी सुमारे 5,500 डॉलरचं घर बांधलं. तळघर नाही, पाया उथळ, खाली पाणी निचरणारा थर, त्यात तापवण्याचे पाइप आणि वर काँक्रीटची फरशी. पाणीच नसेल तर फुगणार काय, हा त्याचा सरळ तर्क. जमिनीतून ऊब देण्याची कल्पना त्याला जपानमध्ये सुचली होती, एका कोरियन पद्धतीच्या तापवलेल्या खोलीत बसून. पुढे नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्ये पायाच्या कडेला उष्णतारोधक फोमचे तक्ते पुरून उथळ पाये लाखोंनी घातले गेले. जेकब्ज घर 2019 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

उणे तापमानात ओतायचं कसं?

काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेने होतं. पारा घसरला की ती क्रिया मंदावते, आणि ताजं काँक्रीट पहिल्याच रात्री गोठलं तर अखेरची ताकद निम्म्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून 4 अंशांच्या आसपास आलं की गुत्तेदार सावध होतो. पहिलं लक्ष्य ठरलेलं: गोठण्याआधी निदान 500 पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे 3.5 मेगापास्कल ताकद आली पाहिजे. दहा अंशांची ऊब मिळाली तर बहुतेक मिश्रणं दुसऱ्या दिवशी तिथवर पोचतात.

ऊब देण्याचा सोपा मार्ग म्हणजे गरम पाणी. खडी-सिमेंटपेक्षा पाणी वजनागणिक चार-पाच पट उष्णता धरतं. मात्र फार गरम पाणी थेट सिमेंटवर ओतलं तर ते मिक्सरमध्येच आवळतं. म्हणून आधी खडी, मग पाणी, मग सिमेंट. ओतून झाल्यावर आपल्याकडे मजूर पाइप घेऊन पाणी मारायला उभा राहतो. तिथे तोच मजूर जाड ब्लँकेटं पसरतो. काँक्रीट घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडतं, ब्लँकेटने ती फक्त निसटू द्यायची नाही.

इथे एक सापळा आहे. काही जण तंबू ठोकून आत धूर सोडणारा हीटर लावतात. त्यातला कार्बन डायऑक्साइड ताज्या पृष्ठभागाशी क्रिया करतो, आणि महिन्याभराने फरशीवरून हात फिरवला की पांढरी भुकटी! धुराडं बाहेर काढलेला हीटरच हवा.

साखर मात्र यातलं कुणी जवळ फिरकू देत नाही. थोडीशी साखर काँक्रीटचं घट्ट होणं लांबवते. मिक्सर ट्रक रस्त्यात अडकला तर आत पोतं रिकामं करून माल वाचवण्याची जुनी युक्ती याच गुणावर चालते. साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्या आपल्या इंजिनिअरला हे ऐकून हसू येईल.

आपल्याकडे या विद्येचं पुस्तकच नाही असं मात्र समजू नये. भारतीय मानक आयएस 7861 चे दोन भाग आहेत: पहिला कडक उन्हातल्या काँक्रीटचा, दुसरा थंडीतल्या. विदर्भातला मुकादम पहिल्याचा संसार करतो. दुसरा लडाखला लागतो.

मीठ टाकू नका

ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत, मराठी घरं आहेत, मराठी मंडळही आहे. नवं काँक्रीट घातलेल्या तिथल्या प्रत्येकाला पहिल्या हिवाळ्यात एकच सल्ला मिळतो: बर्फ वितळवायला मीठ टाकू नका, वाळू टाका. मिठामुळे पृष्ठभाग जास्त पाणी पितो, आणि कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड तर सिमेंटच्या चुन्याशी भांडण काढून नवंच फुगणारं संयुग बनवतं. आणखी एक: आपल्याला प्रिय असलेला गुळगुळीत घोटलेला पृष्ठभाग बाहेर चालत नाही. पोलादी थापीने जास्त घोटलं तर वरच्या थरातली हवा मरते आणि तो थर सुटतो. तिथे उताराला आडवा झाडू ओढून रेघा पाडतात. दिसायला ओबडधोबड, पण बर्फावर बूट धरतात.

झाडू, मीठ, फावडं कशाचीच कटकट नको असेल तर मिशिगनमधल्या हॉलंड गावासारखं करावं. 1988 पासून वीज केंद्राच्या वाया जाणाऱ्या उष्णतेने तापलेलं पाणी गावातल्या रस्त्यांखालून फिरवतात, बर्फ टिकतच नाही. खासगी घरांतही गोठणविरोधी द्रव फिरवणारे पाइप रस्त्याखाली टाकता येतात. बिल बघून निर्णय घ्यावा.

भिंत मातीला कमी, पाण्याला जास्त घाबरते

उतारावर भिंत पडली की लोक म्हणतात, माती सरकली. बहुतेक वेळा मागे पाणी साचलेलं असतं. गणित साधं आहे: 6 फूट उंच भिंतीमागे पाणी भरलं तर लांबीच्या दर फुटावर सुमारे 500 किलोचा जोर; उंची दुप्पट केली की जोर दुप्पट नाही, चौपट, म्हणजे 2,000 किलो. मातीचा भार वेगळाच. म्हणून मागे खडीचा थर, तळाला छिद्रांचा पाइप आणि भिंतीत पाणी बाहेर सोडणारी भोकं (वीप होल). अमेरिकेतला प्रचलित बांधकाम नियमही असा की पायाच्या तळापासून 4 फुटांहून उंच भिंतीला परवाना लागतो. त्यामुळे साडेतीन-पावणेचार फुटी भिंतींचा टप्प्याटप्प्याचा बगिचा हा तिथला आवडता प्रकार. मात्र दोन भिंती फार जवळ घातल्या तर वरचीचा भार खालचीवर येतो, आणि निरीक्षक त्या दोघींची एक भिंत धरतो.

चुना-सिमेंट न लावता एकमेकांत अडकणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची भिंत हल्ली जगभर दिसते. त्यातले मोठे ब्रँड, कीस्टोन, व्हर्सा-लॉक, ॲलन ब्लॉक, अँकर, हे सगळे मिनेसोटातले. असे ठोकळे खडीवर बसतात, खालची जमीन फुगली की थोडे हलतात, वितळली की परत बसतात, तडकत नाहीत. उंच भिंतीत ठोकळ्यांच्या रांगांमधून प्लास्टिकची जाळी मागच्या मातीत खोल नेतात, म्हणजे मातीच मातीला धरून ठेवते.

आणि कड्याचा खटला

सेंट क्रॉयच्या काठी विस्कॉन्सिनच्या ट्रॉय गावात मर नावाच्या एका कुटुंबाचे शेजारी-शेजारी दोन प्लॉट होते. पहिला 1960 मध्ये घेतला, त्यावर बंगली बांधली. दुसरा 1963 मध्ये. प्रत्येक प्लॉट एक एकराहून मोठा, पण मधोमध उभा कडा, त्यामुळे बांधता येईल अशी जमीन दोन्हीत मिळून 0.98 एकर. 1968 च्या संघीय कायद्याने संरक्षित केलेल्या नद्यांच्या पहिल्या यादीत या नदीचा वरचा भाग होता. तिचा खालचा भाग 1972 मध्ये त्यात आला, आणि पुढे विस्कॉन्सिनने नियम केला की एकाच मालकाचे असे तोकडे प्लॉट वेगळे विकायचे नाहीत. बंगलीत पुराचं पाणी शिरायचं. ती हलवून दुरुस्त करायला पैसे हवेत म्हणून मुलांना दुसरा प्लॉट विकायचा होता. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. जून 2017 मध्ये ‘मर विरुद्ध विस्कॉन्सिन’ हा निकाल 5 विरुद्ध 3 असा कुटुंबाच्या विरोधात लागला: दोन्ही प्लॉट मिळून एकच मिळकत.

त्याच वर्षाअखेर विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने कायदाच बदलला आणि असे जुने प्लॉट वेगळे विकायला मोकळीक दिली.