डावखुऱ्या नेमबाजाची दुनळी : आधी डोळा, मग दस्ता

अथेन्स ऑलिंपिकमध्ये २००४ साली राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळवले आणि शॉटगन हा शब्द भारतीय क्रीडारसिकांच्या परिचयाचा झाला. डबल ट्रॅप आता ऑलिंपिकमध्ये नाही. ट्रॅप आणि स्कीट हे प्रकार मात्र कायम आहेत. या दोन्हींत बहुतेकांच्या हाती असते ती एकावर एक नळ्या असलेली दुनळी, म्हणजेच ओव्हर-अंडर शॉटगन. डावखुऱ्या नेमबाजाने ती निवडताना सर्वाधिक लक्ष कशाकडे द्यावे, हा प्रश्न वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे.

यंत्ररचनेच्या दृष्टीने ही बंदूक डावखुऱ्यांना अनुकूल आहे. अर्धस्वयंचलित शॉटगनमधून रिकामे काडतूस सामान्यतः उजव्या बाजूने, म्हणजे डावखुऱ्याच्या चेहऱ्यासमोरून, बाहेर फेकले जाते. ओव्हर-अंडर मध्यावर मोडून उघडते आणि काडतुसे मागच्या बाजूने निघतात. त्यामुळे ही अडचण मुळातच उद्भवत नाही. बंदूक उघडण्याची वरची कळ उजव्या अंगठ्याने उजवीकडे ढकलावी, अशी तिची योजना असते. तथापि थोड्या सरावाने डाव्या हाताला तिची सवय होते. केवळ या कळीसाठी जादा पैसे मोजणे आवश्यक नाही, असे आमचे मत आहे.

खरा प्रश्न दस्त्याचा आहे. शॉटगनला मागची माशी नसते. नेमबाजाचा डोळा हीच तिची मागची माशी. गाल दस्त्यावर जेथे टेकतो त्यावरून डोळ्याची जागा ठरते. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा डोळा नळीवरील पट्टीच्या बरोबर मध्यावर यावा, म्हणून बहुतेक दस्ते किंचित उजवीकडे कललेले असतात. या कलाला ‘कास्ट-ऑफ’ म्हणतात. डावखुऱ्याला नेमका उलटा कल, म्हणजे ‘कास्ट-ऑन’ लागतो. उजव्या कलाचा दस्ता डाव्या खांद्याला लावला, तर तो गालाला बाहेर ढकलतो आणि डोळा पट्टीच्या उजवीकडे जातो. परिणामी छर्रेही उजवीकडे जातात.

चूक किती मोठी असते, हे साध्या गणिताने समजते. डोळ्यापासून नळीच्या टोकावरील मण्यापर्यंतचे अंतर सुमारे एक मीटर असते. डोळा ३ मिलिमीटर सरकला, तर ३५ मीटरवर छर्ऱ्यांचा मध्य सुमारे १० सेंटिमीटर सरकतो. मातीच्या तबकडीचा व्यासच मुळी ११ सेंटिमीटर आहे! शिवाय चुकीच्या दस्त्यावर नेम जुळवण्यासाठी नेमबाज मान वाकडी करतो किंवा गाल उचलतो. गाल उचलला की छर्रे तबकडीवरून जातात आणि धक्का गालफडावर बसतो. पुढे त्या धक्क्याच्या भीतीने चाप ओढतानाच डोळे मिटू लागतात. ‘हा मुलगा घाबरतो’ असा शेरा मिळालेल्या कित्येक नवोदितांची खरी व्याधी लाकडात असते.

बंदूक पाहण्यापूर्वी मात्र डोळा तपासावा. दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांमध्ये लहानशी फट ठेवावी आणि तिच्यातून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहावी. मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला ती वस्तू फटीत दिसत राहते तो प्रभावी डोळा. हात डावा आणि प्रभावी डोळाही डावा असेल तर प्रश्न सुटला. डोळा उजवा निघाला, तर अगदी नवशिक्याने उजव्या खांद्यावरून शिकण्याचा विचार करावा. ज्याचा डाव्या हाताचा सराव पक्का झाला आहे, त्याने चष्म्याच्या उजव्या काचेवर छोटी अपारदर्शक पट्टी लावून पाहावी. हात डावा आहे एवढ्याच कारणाने त्याला ‘सुधारण्याचा’ आग्रह प्रशिक्षकांनी धरू नये.

दुकानात किंवा रेंजवर बंदूक रिकामी असल्याची दोघांनी खात्री करून घ्यावी. मग सुरक्षित दिशेला, डोळे मिटून, ती सहजपणे खांद्याला लावावी आणि डोळे उघडावेत. मान न हलवता मणी पट्टीच्या मध्यावर दिसला पाहिजे. स्कीटमध्ये ही कसोटी विशेष मोलाची. कारण तेथे तबकडी दिसेपर्यंत दस्ता कमरेजवळ ठेवावा लागतो आणि नेम जुळवायला सवड नसते. ट्रॅपमध्ये बंदूक आधीच खांद्याला असते व तबकडी वर चढत जाते. म्हणून दस्त्याची वरची कड थोडी उंच, म्हणजे पट्टी किंचित अधिक दिसेल अशी ठेवतात. मुठीकडेही पाहावे. उजव्या तळव्यासाठी दिलेला फुगवटा डाव्या हाताच्या बोटांखाली येतो आणि पकड बिघडवतो.

निवड चुकल्यास ती सहज बदलता येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना अनिवार्य आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाच्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. त्यामुळे उत्तम नळ्यांची, पण उजव्या दस्त्याची जुनी बंदूक समोर आली, तर ती लगेच नाकारण्याचेही कारण नाही. अक्रोडाचा दस्ता तापवून जाणकार कारागीर त्याचा कल बदलू शकतो. वर-खाली आणि आडवी सरकणारी कड बसवता येते किंवा दस्ताच नवा करता येतो. हा खर्च सौदा ठरण्यापूर्वी किमतीत धरावा.

काम झाल्यावर १६ यार्डांवर, म्हणजे सुमारे १५ मीटरवर, मोठा कागद लावून त्याच्या मध्यावर काही फैरी झाडाव्यात. छर्ऱ्यांचा मध्य जितके इंच उजवीकडे पडेल, इंचाचे तितके सोळावे भाग दस्ता अजून डावीकडे न्यायचा, असा कारागिरांचा जुना हिशेब आहे. ही चाचणी स्पर्धेत घालायचे जाकीट अंगावर असतानाच करावी.