बोटीवरची दुसरी पंगत

"तिकिटात जेवण धरले आहे, करमणुकीचे कार्यक्रमही धरले आहेत; मग पुन्हा आरक्षण कशाचे?" माझ्या काकांचा हा प्रश्न. तो त्यांनी विचारला भोपाळच्या बोट क्लबवर, मोठ्या तलावाच्या काठी. या तलावात पूर्वी यांत्रिक क्रूझ चाले. तिकीट काढायचे, फेरी मारायची, उतरायचे. भोपाळ शहर ज्या तलावाचे पाणी पिते आणि जो २००२ पासून रामसर यादीत आहे, त्यात अशा बोटी नकोत, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२३ साली दिला. काकांना क्रूझ ठाऊक होती ती एवढीच. म्हणून निवृत्तीनंतर सिंगापूरहून निघणाऱ्या मोठ्या बोटीची सफर ठरली, तेव्हा आरक्षणाच्या सूचनांचा कागद त्यांनी न वाचताच घडी करून ठेवला.

पहिल्याच संध्याकाळी आम्हाला कळले की आमचे जेवण रात्री साडेआठला आहे. आजी इन्सुलिन घेते. तिला साडेसातच्या आत जेवावे लागते. शिवाय त्या दिवशी तिचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. पहिली वेळ भरलेली. शेवटी मी आणि आजी वरच्या मजल्यावर, जेथे आपले आपण वाढून घ्यायचे तेथे, जेवलो. बाकीचे खाली नंतर जेवले. आजी काही बोलली नाही, पण वाढदिवसाचे एकत्र जेवण राहून गेले ते गेलेच. चूक आमचीच होती. ती इतरांच्या हातून होऊ नये म्हणून हा लेखनप्रपंच.

वाचकहो, हे कोडे सुटते ते पंगतीने. माझ्या आईच्या माहेरी, धारवाडला, तिला 'पंक्ती' म्हणतात, गोष्ट एकच. लग्नात हजार पाने उठायची असतात आणि मांडवात पाचशेच मावतात. जेवण सर्वांनाच आहे. प्रश्न फक्त पहिली पंगत की दुसरी, एवढाच.

एक उदाहरण घेऊ. मुंबईहून २०२१ साली सफरी सुरू करणारी कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' ही १९९० ची बोट. एका खोलीत दोन माणसे धरली तर तिच्यावर सुमारे सोळाशे प्रवासी होतात. हिशेबाच्या सोयीसाठी समजू की अशा एखाद्या बोटीच्या भोजनगृहात आठशे खुर्च्या आहेत आणि नाट्यगृहातही आठशेच. मग दोन पंगती आणि दोन खेळ करावे लागतात. पहिल्या पंगतीचे लोक जेवून दुसरा खेळ पाहतात; दुसऱ्या पंगतीचे लोक आधी खेळ पाहून मग जेवतात. म्हणजे जेवणाची वेळ बदलली की खेळाचीही बदलते. ही सांगड ज्याच्या लक्षात आली त्याला निम्मे आरक्षण समजले.

शहरातल्या नाट्यगृहाची गोष्ट वेगळी. भोपाळचे भारत भवन १९८२ साली उभे राहिले. कन्नड रंगभूमीचे थोर दिग्दर्शक ब. व. कारंत हे तेथील रंगमंडळाचे पहिले संचालक. तेथे प्रयोगाला जागा मिळाली नाही तर प्रेक्षक घरी जातो आणि पुढच्या प्रयोगाला येतो. बोटीवरचा प्रेक्षक कोठे जाणार? सफर तीन-चार रात्रींची; त्यात सर्वांना सर्व दाखवायचे असते.

येथे वाणिज्य शाखेचा एक धडा आठवतो. साखरेचे पोते आज विकले गेले नाही तर उद्या विकता येते. रिकामी गेलेली खुर्ची मात्र त्या रात्रीपुरती नाशवंत असते. म्हणून मर्यादित खुर्च्यांची वाटणी कशाने तरी करावीच लागते. बोटीवर मोठ्या भोजनगृहाखेरीज एखाद-दुसरे छोटे, खास उपाहारगृह असते. तेथे वेगळे पैसे पडतात. ते पैसे केवळ पदार्थांचे नसतात, गर्दी आवरण्याचेही असतात. खेळ विनामूल्य असतो. तेथे किंमत गर्दी आवरू शकत नाही, म्हणून ते काम नावनोंदणी करते किंवा रांग करते. 'फुकट आहे, मग नोंदणी कशाला?' असे आपण म्हणतो. खरे म्हणजे फुकट आहे म्हणूनच नोंदणी लागते.

नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ठरावीक पंगती मोडून 'वाटेल तेव्हा जेवा' अशी पद्धत आणली. पण माणसाला भूक साधारण एकाच सुमारास लागते. ऐन वेळी रांगा लागू नयेत म्हणून तेथेही आधी टेबल राखून ठेवण्याची सोय ठेवावी लागली. पंगत गेली तरी तिचे गणित जात नाही.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. सफरीचे पैसे भरतानाच जेवणाची वेळ मागून घ्यावी. वृद्ध, लहान मुले किंवा औषधाची वेळ असेल तर पहिली. मग तिच्याशी जुळणारा खेळ नोंदवावा. बंदरावर उतरायच्या दिवशी संध्याकाळचे लवकरचे आरक्षण करू नये, आणि घड्याळ बोटीचे पाहावे. फुकेतचे घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे असते. जायचे नसेल तर नाव वेळेवर काढावे. पुष्कळ ठिकाणी खेळाच्या थोडे आधी रिकाम्या जागा बाहेर थांबलेल्यांना देतात, तेव्हा उशिरा जाणाऱ्याने नोंदणीचा कागद दाखवून भांडण्यात अर्थ नसतो.

आणि चूक झालीच तर गप्प बसू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भोजनगृहाच्या प्रमुखांना भेटलो व आजीच्या औषधाचे सांगितले. एका कुटुंबाला उशिराची वेळ हवीच होती, अदलाबदल झाली. त्या रात्री आम्ही सर्व एका टेबलाशी बसलो. आजी म्हणाली, "लग्नात यजमान पानावर बसवायला येतो. इथे आपणच आधी सांगायचे, एवढेच ना? मग काल का नाही सांगितलेत?"

काकांनी खिशातला तो घडी केलेला कागद काढला आणि प्रथमच उघडून वाचायला घेतला.