तिकीट एकाचं, विमान दुसऱ्याचं

गेल्या ऑक्टोबरात आई मुंबईहून एकटीच आली. शिकागोला विमान बदलून आमच्या पियोरियाला पोचायचं होतं. आम्ही तिला कंपनीचं नाव, फ्लाइट नंबर, टर्मिनल, सगळं कागदावर मराठीत लिहून दिलं होतं. घरी आल्यावर पहिला चहा होतो न होतो तोच ती म्हणाली, "अरे, त्या छोट्या विमानात जीव नुसता टांगणीला लागला होता. तिकीट एका कंपनीचं, विमानावर नावही तिचंच, आणि ती मुलगी माइकवर भलत्याच कंपनीचं नाव सांगत होती. म्हटलं, चुकून दुसऱ्याच गावाला तर निघाले नाही ना!"

आई निवृत्त शिक्षिका, तिचे कान तिखट. तिने ऐकलं ते बरोबरच होतं. अमेरिकन ईगल, युनायटेड एक्सप्रेस, डेल्टा कनेक्शन ही नुसती नावं आहेत. विमान उडवणारी कंपनी बहुधा निराळीच असते: स्कायवेस्ट, रिपब्लिक, एन्व्हॉय. दाराशेजारी बारीक अक्षरात 'ऑपरेटेड बाय' लिहिलेलं असतं, तिकडे आपलं लक्ष जात नाही.

मला हसू आलं, कारण माझी या देशातली पहिली सहा वर्षं अशीच गेली. गळ्यात बिल्ला क्लायंटचा, पगाराचा चेक कन्सल्टिंग कंपनीचा! आपल्यातल्या अर्ध्या घरांना हे समजावून सांगायला नको. क्लायंटचा माल खपो न खपो, आमचे तासाचे पैसे ठरलेले. छोट्या विमान कंपन्यांचा धंदा नेमका असाच चालतो. या करारांना कपॅसिटी पर्चेस म्हणतात. दर उड्डाणामागे काही रक्कम, चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून परत लावेपर्यंतच्या प्रत्येक तासाची काही रक्कम, शिवाय दर विमानामागे महिन्याचं ठरीव भाडं. तिकीट विकणं, दर ठरवणं, वेळापत्रक आखणं हे मोठ्या कंपनीचं काम. तेलाचा खर्चही तिचाच. विमानात पन्नास माणसं बसोत की पाच, छोटीला तेवढेच पैसे. काही मार्गांवर 'प्रो-रेट' करार असतो. त्यात तिकिटाचा वाटा मिळतो, पण तेल आणि रिकाम्या खुर्च्या छोटीच्या माथी.

मोठ्यांना हे परवडतं कसं? शिकागो-पियोरियाच्या पाऊण तासात फारसं काही सुटत नाही. पण त्या पाऊण तासामुळे आईचं मुंबईपर्यंतचं तिकीट त्यांच्याकडे येतं. शिवाय छोट्यांकडे पगार कमी. मोठ्या कंपन्यांच्या वैमानिक संघटनांनी म्हणूनच करारात कुंपण घातलंय, की बाहेर दिलेलं विमान साधारण ७६ खुर्च्यांपेक्षा मोठं नको.

आता मुद्द्याचं. संक्रांतीच्या कार्यक्रमात मंडळातल्या एका काकांनी मला तिळगूळ देऊन बाजूला घेतलं. ते नुकतेच रिटायर झालेत. "तेल महागलं तरी यांना झळ नाही, खुर्ची रिकामी गेली तरी पैसे. सत्तर हजार डॉलर टाकावेत म्हणतो. तू हे सगळं वाचत असतोस, तुला काय वाटतं?"

मी काही अर्थतज्ज्ञ नाही, पण बेंचवर बसलेलो आहे. म्हटलं, "काका, तेलाची काळजी नाही हे खरं. पण काळजी क्लायंटची करायची."

वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर अटलांटिक कोस्ट ही कंपनी युनायटेडसाठी उडत असे. युनायटेडने २००२ च्या डिसेंबरात दिवाळं काढलं आणि दर कमी करून मागितला. यांनी नकार दिला आणि जून २००४ मध्ये इंडिपेंडन्स एअर नावाने स्वतःची स्वस्त विमानसेवा काढली. विमानं तीच पन्नास खुर्च्यांची, पण आता तेल स्वतःचं, गिऱ्हाईकही स्वतःच शोधायचं. जानेवारी २००६ मध्ये ती बंद पडली. कोव्हिडच्या वेळी तर २०२० च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच ट्रान्स स्टेट्स आणि कंपास या दोन कंपन्या गुंडाळल्या गेल्या.

मोठीने विकत घेतलं म्हणूनही निभावत नाही. सिनसिनाटीजवळची कॉमएअर डेल्टाच्याच मालकीची. २००४ च्या नाताळात तिची कर्मचाऱ्यांच्या ड्यूट्या लावणारी संगणक प्रणाली कोसळली, कारण तिच्यात महिन्याला सुमारे ३२ हजारच बदल मावत होते आणि त्या महिन्यात हिमवादळं आली. (प्रोग्रामर मंडळींना हा आकडा ओळखीचा वाटेल!) नाताळच्या दिवशी ११०० उड्डाणं रद्द झाली. पण कॉमएअर २०१२ मध्ये बंद झाली ती त्यामुळे नव्हे. तिची पन्नास खुर्च्यांची जुनी विमानं डेल्टाला नकोशी झाली होती.

दुसरी काळजी माणसांची. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान कोसळून ५० जण गेले. तिकिटं कॉन्टिनेंटलची होती. त्यानंतर नियम कडक झाले, आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही साधारणपणे १५०० तासांचा अनुभव लागतो. कोव्हिडनंतर मोठ्या कंपन्यांनी छोट्यांचे कॅप्टन ओढून नेले. २०२२ मध्ये पगार एकदम वाढवावे लागले, तरी विमानं जमिनीवर उभी राहिली. स्कायवेस्टसारख्या मातब्बर, चार मोठ्या कंपन्यांसाठी उडणाऱ्या कंपनीचा नफा २०२३ मध्ये सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलरवर आला. पुढच्याच वर्षी तो ३२ कोटींवर गेला. ठरीव दराचा धंदा, तरी एवढा झोका! काकांना हा आकडा सगळ्यात जास्त बोचला.

मी त्यांना म्हटलं, घ्यायचेच तर आधी वार्षिक अहवाल उघडा. किती विमानांचे करार कोणत्या वर्षी संपतात, क्लायंट किती, विमानांची कर्जं कोणाच्या नावावर आणि त्यांतली पन्नास खुर्च्यांची किती, हे त्यात असतं. काकांनी खरंच आठवडाभर बसून वाचला. शेवटी पाच हजार टाकले, बाकीचे सीडीत. काकू म्हणाल्या, पाचसुद्धा कशाला?

आई मार्चमध्ये परत गेली. तिला शिकागोपर्यंत गाडीनेच सोडावं असं मनात होतं, पण पहिला टप्पा चुकवला की पुढचं सगळं तिकीट सहसा रद्द होतं, हे ध्यानात ठेवा. म्हणून छोट्याच विमानाने पाठवली. मात्र मुंबईपर्यंत तिकीट एकच, आणि मध्ये चार तास मोकळे. छोट्याला उशीर झाला, तर पुढची सोय मोठ्या कंपनीने करायची असते. दोन वेगळी तिकिटं काढली असती तर ते ओझं आपल्यावर.

विमानात बसल्याबसल्या तिचा फोन. "अरे, दारावरची बारीक अक्षरं वाचली मी. या खेपेला तिसरीच कंपनी आहे!"