जपानी ताट, पण मीठ मोजून

जपानी जेवण म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कच्चा मासा आणि दोन काड्या उभ्या राहतात. 'हे आपले काम नव्हे' म्हणून आपण विषय सोडून देतो. परंतु आता हा विषय आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचला आहे. शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे जपानमध्ये राहतात. टोकियोच्या एदोगावा विभागात तर भारतीयांची मोठी वस्ती आहे. २०१९ साली तेथील स्थानिक निवडणुकीत योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. अशा घरातील मुलगा-सून सुट्टीत येताना सोया सॉसची बाटली, मिसोचा डबा, समुद्रशेवाळाची पाकिटे घेऊन येतात. 'जपानी माणसे एवढी जगतात, ती हेच खाऊन', असेही कौतुकाने सांगतात. घरात रक्तदाबाचे आजोबा आणि मधुमेहाच्या आजी असतात. त्यांच्या ताटात हे वाढावे का? प्रश्न साधा आहे, पण उत्तर नीट समजून घेतले पाहिजे.

घरचे जेवण वेगळेच

हॉटेलातील जपानी पदार्थ म्हणजे जपानी घरचे जेवण नव्हे. घरचे ताट सोपे असते. भाताची एक लहान वाटी, एक पातळ सूप आणि त्याबरोबर भाजी, मासा, अंडे किंवा टोफू यांचे दोन-तीन छोटे पदार्थ. या मांडणीला तिकडे 'इचिजू सान्साई' म्हणजे 'एक सूप, तीन पदार्थ' असे म्हणतात. तेल अगदी बेताचे. उकडणे, वाफवणे, भाजणे यांवरच भर. २०१३ साली युनेस्कोने या आहारपरंपरेला सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

ओकिनावा बेटावरील वृद्ध मंडळी 'हारा हाची बु' असे म्हणत जेवणावरून उठतात. अर्थ असा, की पोट दहापैकी आठ हिस्सेच भरावे. आपल्याला हे नवीन नाही. जठराचे दोन भाग अन्नाने, एक भाग पाण्याने भरावा आणि एक मोकळा ठेवावा, असे वाग्भटाने सांगून ठेवलेच आहे. आपण ते ऐकतो आणि पुरणपोळीच्या दिवशी विसरतो, एवढेच!

दीर्घायुष्याची दुसरी बाजू

जपानी लोकांचे सरासरी आयुर्मान आज सुमारे ८४ वर्षे आहे, हे खरे. पण ही कमाई केवळ जुन्या आहाराची नाही. १९५१ पासून सुमारे तीस वर्षे जपानमध्ये मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते पक्षाघात, म्हणजे मेंदूतील रक्तवाहिनी फुटणे किंवा तुंबणे. उत्तरेकडील थंड भागात खारवलेल्या भाज्या, खारे मासे आणि दाट मिसो सूप यांवर हिवाळा काढावा लागे. तेथे माणशी रोजचे मीठ २० ग्रॅमच्या वर जात असे. मिठाने रक्तदाब वाढे आणि धडधाकट माणूस एका दिवसात अंथरुणाला खिळे.

डोंगराळ नागानो प्रांतातही हेच दुखणे होते. तेथील साकू गावच्या रुग्णालयातील डॉ. तोशिकाझु वाकात्सुकी खेड्याखेड्यांत जाऊन तपासणी करीत आणि आरोग्याचे धडे देणारी नाटुकली बसवीत. या कार्याबद्दल त्यांना १९७६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. (तीनच वर्षांनी, १९७९ मध्ये, तोच पुरस्कार आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातील जामखेडच्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांना मिळाला.) पुढे नागानोत स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन सूपातील खारटपणा मोजला, मीठ कमी आणि भाज्या जास्त असा प्रचार केला. २०१० च्या आकडेवारीत स्त्री आणि पुरुष दोघांच्याही आयुर्मानात नागानो जपानमध्ये पहिला ठरला.

बोध काय? जपानी लोकांनी आपलेच ताट कायम ठेवले, पण त्यातील मीठ कमी केले. तरीही तेथील प्रौढ माणसाच्या पोटात आजही दिवसाला सुमारे १० ग्रॅम मीठ जाते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आपणही काही मागे नाही. लोणचे, पापड, फरसाण, चिवडा आणि रविवारची मिसळ यांचे मीठ कोण मोजतो?

म्हणून ध्यानात ठेवण्याचा आकडा हा: पोहे खाण्याचा एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे जवळजवळ अडीच ग्रॅम मीठ. दिवसाचा निम्मा वाटा एका चमच्यात संपला! नेहमीच्या एक वाटी मिसो सूपातही सव्वा ते दीड ग्रॅम मीठ असते.

चव मिठाशिवायही

मग चव कशी येणार? त्याचे उत्तरही जपाननेच दिले आहे. १९०८ साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबू नावाच्या समुद्रशेवाळातून एक चव वेगळी काढून दाखवली आणि तिला 'उमामी' असे नाव दिले. ती ग्लुटामेटमुळे येते. पिकलेला टोमॅटो आणि मशरूम यांतही ती असते. या शोधातूनच १९०९ पासून अजिनोमोटो बाजारात आले. त्याच्या पुडीतही सोडियम असतेच, मिठाच्या साधारण एक तृतीयांश. तेव्हा पुडीपेक्षा मशरूमचे पाणी बरे. ते चांगले उतरले, की निम्म्या मिठातही सूप फिके लागत नाही.

नाशिकच्या बाजारातून जपानी ताट

पहिल्यांदा करून पाहायचे तर बहुतेक सर्व जिन्नस आपल्या बाजारात मिळतात. पुढील प्रमाण चार माणसांसाठी आहे.

भात : इगतपुरी-त्र्यंबकेश्वर भागात पिकणारा इंद्रायणी जपानी तांदळासारखाच चिकट होतो. धुऊन अर्धा तास भिजवा आणि मीठ न घालता शिजवा. माणशी एक लहान वाटीच वाढा.

सूप : पाव किलो मशरूम चिरून पाच वाट्या पाण्यात मंद आचेवर वीस मिनिटे उकळा. त्यात टोफूचे, म्हणजे सोया पनीरचे, तुकडे घाला. गॅस बंद करून चहाचे चार चमचे मिसो थोड्या सूपात कालवून त्यात मिसळा. वरून कांद्याची पात घाला. वेगळे मीठ नको.

पालक : एक जुडी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून लगेच गार पाण्यात टाका, पिळून कापा. दोन मोठे चमचे पांढरे तीळ भाजून खलबत्त्यात जाडसर कुटा. अर्धा चहाचा चमचा सोया सॉस आणि तेवढीच साखर घालून पालक त्यात कालवा.

लाल भोपळा : पाव किलो भोपळ्याच्या सालीसकट फोडी, एक वाटी पाणी, चहाचा एक चमचा साखर आणि दोन चमचे सोया सॉस. झाकण ठेवून मऊ होईपर्यंत शिजवा.

काकडी : पातळ चकत्या, लिंबाचा रस आणि चिमूटभर साखर. ही तर आपली कोशिंबीरच झाली!

या संपूर्ण जेवणात माणशी मीठ सव्वा ग्रॅमच्या आसपास पडते. अट एकच, शेजारी लोणचे-पापड नको आणि सोया सॉसची बाटली जेवणाच्या ठिकाणी आणायची नाही. मासे खाणाऱ्यांनी भाजलेला बांगडा घ्यावा. त्यातील ओमेगा-३ मेद हृदयाला हितकर आहे. घरच्या घरी कच्चा मासा खाण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये.

कोणी काय जपावे?

रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मिसो आणि सोया सॉस मोजूनच वापरावे. 'कमी सोडियम'च्या काही उत्पादनांत पोटॅशियम असते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

मधुमेहींनी लक्षात ठेवावे की इंद्रायणी असो वा जपानी, पांढरा भात तो भातच. आधी सूप आणि भाज्या, शेवटी भात असा क्रम ठेवावा. जपानी घरांप्रमाणे तांदळात थोडे जव मिसळले तरी चालतील.

थायरॉइडच्या रुग्णांनी कोंबूपासून दूर राहावे. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. कोंबूच्या एका ग्रॅममध्ये त्याच्या दहापटही असू शकते.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी नाट्टो हे आंबवलेले सोयाबीन खाऊ नये. त्यातील 'के' जीवनसत्त्व औषधाचा परिणाम कमी करते. पालेभाज्यांतही ते असते, म्हणून त्यांचे प्रमाणही एकदम वाढवू नये. गव्हाची ॲलर्जी असलेल्यांनी सोया सॉसचे वेष्टन वाचावे, कारण त्यात बहुधा गहू असतो.

शाकाहारी मंडळींनी 'दाशी' या तयार पुडीतही काय आहे ते पाहावे. तीत बहुधा सुक्या माशाची पूड असते. जपानी बौद्ध मठांतील 'शोजिन' स्वयंपाक मात्र पूर्ण शाकाहारी, शिवाय कांदा-लसणाविना असतो. आपल्याकडील जैन कुटुंबांनाही तो जवळचा वाटेल.

थोडक्यात, जपानहून आलेली बाटली हे औषध नव्हे आणि विषही नव्हे. लहान वाट्या, भरपूर भाज्या, बेताचे तेल आणि दोन घास कमी, हे त्या ताटातले खरे घेण्यासारखे आहे. त्यासाठी जपानी जिन्नस नसले तरी चालतात. येत्या बुधवारी गोदाकाठच्या बाजारातून पालक, भोपळा आणि काकडी आणा, एक दिवस हे ताट मांडून पाहा. आणि दुसऱ्या दिवशी वरण-भात, पोळी-भाजी करताना मिठाचा तोच मोजलेला चमचा पुन्हा हातात घ्या.