चांगला पेन आणि उधारीचे बिल

रोह्याचा माझा भाचा कुवेतहून सुट्टीवर आला आणि पेणला आमच्या कापड दुकानात येऊन त्याने गल्ल्यावर एक छोटी डबी ठेवली. आत पार्करचा जॉटर बॉलपेन! स्टीलचा, बाणाच्या क्लिपचा. "मामू, पेणमध्ये पेन आणलाय," तो हसत म्हणाला. मी पेन खिशाला लावला. मनात मात्र आले, मीटरने कापड फाडणाऱ्या माणसाला एवढ्या भारी पेनचे काय काम? दहा रुपयांच्या पेनावर दुकान चालतेच की!

आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. तख्तीवर बोरूने हात बसला, मग शाईचा पेन आला. उजवीकडून डावीकडे लिहिताना ओल्या शाईवरून हात फिरायचा आणि अक्षर पुसायचे. बॉलपेनने ही कटकट संपवली. हंगेरीचे पत्रकार लास्लो बिरो यांनी १९३८ साली ब्रिटनमध्ये त्याचे पेटंट घेतले. टोकावरची बारीक गोळी फिरते, तेलकट घट्ट शाई कागदावर उतरते आणि लगेच सुकते. पार्करचा जॉटर १९५४ चा. त्याची रिफिल संपली की नवी घालता येते, पेन फेकावा लागत नाही.

त्या पेनाने आधी उर्दूत नाव लिहिले, मग मराठीत. दोन्हीकडे सारखाच सरकला. नंतर कार्बन घालून बिल फाडले. दाबून लिहिले तरी टोक अडखळले नाही आणि खालच्या प्रतीवर आकडा न् आकडा उमटला. ती प्रत पाहून मला जुनी गोष्ट आठवली.

काही वर्षांपूर्वी रोह्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने मुलीच्या लग्नाचे कापड उधारीवर नेले. बिल मीच लिहिले, गल्ल्यातल्या अर्धमेल्या पेनाने. हिशेबाच्या वेळी त्यांच्याकडचे बिल हरवलेले आणि माझ्याकडची प्रत पुसट. मी म्हणे १९ हजार, ते म्हणत ११ हजार. मराठीतला १ आणि ९ पुसट झाला की कोण ओळखणार? दोघांपैकी कुणी खोटे बोलत नव्हते. मी ११ हजार घेऊन विषय मिटवला. आठ हजार गेले त्याचे दुःख नाही. पण संकोचाने त्या गृहस्थांनी दुकानाची पायरी सोडली, ते मनाला लागले.

व्यापारी बंधूंनो, कुरआनातील सर्वात मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. आपण ती वाचतो आणि दुकानात "राहू द्या, घरचेच आहेत" म्हणतो! कायद्यातही लेखी कागदाला वजन असते. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे उधार विकलेल्या मालाच्या पैशांसाठी साधारणपणे तीन वर्षांत दावा करावा लागतो. ती मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने बाकी लेखी कबूल करून सही दिली, तर सहीच्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात.

आता मोबाईलवर पैसे येतात, जीएसटीचे बिल कॉम्प्युटरवर निघते. तरी खेड्यापाड्याची उधारी अजून हातानेच लिहिली जाते. म्हणून माझा नेम ठरला आहे: रक्कम आकड्यात आणि अक्षरात, खाली तारीख आणि दोघांची सही. महागडाच पेन हवा असे नाही. पण अडखळणारा पेन गल्ल्यात ठेवू नये.

गेल्या महिन्यात ते रोह्याचे गृहस्थ आले. धाकट्या मुलाचे लग्न होते. कापड बांधले, रक्कम अक्षरात लिहिली आणि सहीसाठी पेन त्यांच्या हाती दिला. त्यांनी सही केली, पेन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हा तेव्हाच घ्यायला हवा होता, शेठ." दोघेही हसलो. मग चहा मागवला.