अनियमित हृदयस्पंदन : उद्याची औषधे आणि आजची सावधगिरी

निरोगी हृदयाचे विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १०० ठोके पडतात. उजव्या अलिंदातील एका लहानशा पेशीपुंजातून विद्युत्-संदेश निघतो आणि त्याच्या आज्ञेने आधी वरची दोन अलिंदे व मग खालची दोन निलये आकुंचन पावतात. ‘एट्रियल फिब्रिलेशन’ या विकारात ही शिस्त मोडते. अलिंदांत मिनिटाला साडेतीनशेहून अधिक संदेश स्वैरपणे फिरू लागतात. अलिंदे नीट आकुंचन न पावता नुसती थरथरतात. काही रुग्णांना धडधड, दम लागणे, थकवा जाणवतो. काहींना काहीच जाणवत नाही. धोका मात्र दोघांनाही असतो. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साकळते आणि ती गुठळी मेंदूत पोहोचली की पक्षाघात होतो. या विकारात पक्षाघाताची शक्यता सुमारे पाचपट वाढते.

त्यामुळे उपचाराची उद्दिष्टे तीन : लय पूर्ववत आणणे, वेग आवरणे आणि गुठळी रोखणे. या तिन्ही दिशांनी आज नव्या औषधांचा शोध चालू आहे.

लय आणि वेग

लय सुधारणाऱ्या जुन्या औषधांची मोठी अडचण अशी, की ती अलिंदांबरोबर निलयांवरही परिणाम करतात. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवरील एका अमेरिकी चाचणीत १९८९ मध्ये धक्कादायक गोष्ट दिसली. फ्लेकेनाइड व एन्केनाइड या औषधांनी अनियमित ठोके कमी केले, पण मृत्यू वाढवले. आलेख सुधारला म्हणजे रुग्ण सुरक्षित झाला असे नव्हे, हा धडा वैद्यकाने तेव्हा घेतला. अमियोडॅरोन हे प्रभावी औषध. परंतु त्यातील आयोडीनमुळे थायरॉइड बिघडू शकते, शिवाय फुप्फुसे व यकृत यांनाही इजा संभवते.

म्हणूनच संशोधकांचे लक्ष मुख्यतः अलिंदांवरच काम करणाऱ्या औषधांकडे वळले आहे. शिरेतून दिले जाणारे वर्नाकॅलंट युरोपात २०१० पासून मान्यताप्राप्त आहे. नुकत्याच सुरू झालेल्या विकारात ते उपयोगी पडते. हृदयपेशींतील पोटॅशियमच्या एका विशिष्ट मार्गाला अडवणारे औषध डेन्मार्कमधील संशोधकांनी रुग्णांवर तपासले असून प्राथमिक निष्कर्ष आशादायक आहेत. एट्रिपामिल हा नाकात मारायचा फवारा. रुग्णाने घरच्या घरी वाढलेला वेग आवरावा, अशी त्यामागील कल्पना. बिघडलेली लय मात्र तो पूर्ववत करत नाही.

गुठळी रोखताना रक्तस्राव नको

गुठळी रोखणाऱ्या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. जन्मतः ‘घटक अकरा’ हे रक्त गोठवणारे प्रथिन कमी असलेल्या व्यक्तींत घातक गुठळ्या कमी होतात आणि आपोआप रक्तस्राव क्वचितच होतो. मग हाच घटक रोखला तर?

असुंडेक्सियान या गोळीची १४ हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणी २०२३ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. रक्तस्राव कमी झाला खरा, पण प्रचलित एपिक्साबॅनच्या तुलनेत पक्षाघात वाढले. महिन्यातून एकदा घ्यायच्या अबेलासिमॅब या इंजेक्शनने रिव्हारोक्साबॅनच्या तुलनेत रक्तस्राव बराच घटवल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र ते पक्षाघात तितकेच रोखते का, हे ठरवण्याइतकी ती चाचणी मोठी नव्हती.

नवे ते सर्वांसाठी नव्हे

भारतात संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेले रुग्ण अजूनही बरेच आढळतात. अशा रुग्णांवरील बहुदेशीय चाचणीत २०२२ मध्ये नव्या रिव्हारोक्साबॅनपेक्षा वॉरफरिनसारखी जुनी औषधेच सरस ठरली. मृत्यूही त्यांच्या गटात कमी झाले. वारंवार रक्ततपासणीचा कंटाळा आला, म्हणून झडपेच्या रुग्णाने स्वतःच गोळी बदलणे जिवावर बेतू शकते.

तोवर घरी काय करावे?

मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. ती अनियमित वाटल्यास इसीजी काढून घ्यावा. बरे वाटू लागले म्हणून गुठळीरोधक गोळी परस्पर बंद करू नये. दात काढायचा असला तरी आधी डॉक्टरांना विचारावे. वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या सोडू नयेत, त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे राखावे. रक्तदाब आटोक्यात ठेवणे, वाढलेले वजन घटवणे, मद्य टाळणे आणि झोपेत घोरताना श्वास अडत असल्यास तपासणी करणे, यांमुळेही लय स्थिर राहण्यास मदत होते. तोंड वाकडे होणे, एका हातातील बळ जाणे किंवा बोबडी वळणे यांपैकी काहीही दिसले, तर वाट न पाहता रुग्णाला मोठ्या रुग्णालयात न्यावे.

उद्याची औषधे येतील तेव्हा येतील. आज हाती असलेली गोळी वेळेवर घेतली गेली, तर त्यांचा लाभ घ्यायला रुग्ण सुखरूप असेल.