पडद्याविना प्रोग्रामिंग – लेखांक ६ : पहिला प्रकल्प कसा निवडावा?

मागच्या लेखांकात आपण स्क्रीन रीडर प्रोग्रामिंगसाठी लावून घेतला. सगळी विरामचिन्हे ऐकू येतील अशी पातळी ठेवली, ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा सांगणारी सूचना चालू केली आणि कोडसाठी इंग्रजी आवाज निवडला. त्याआधीच्या भागांत व्हेरिएबल, इफ आणि लूप यांची ओळख झाली आहे. आता बहुतेक विद्यार्थी एकच प्रश्न विचारतात : ‘मी पहिल्यांदा काय बनवू?’

या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये. पहिला प्रकल्प चुकीचा निवडला गेला, तर अंध विद्यार्थ्याला प्रोग्रामिंगच आपल्यासाठी नाही असे वाटू लागते. प्रत्यक्षात चुकलेली असते ती निवड. म्हणून आजच्या लेखांकाचे सूत्र सुरुवातीलाच सांगतो : प्रोग्राम चालला की नाही हे विद्यार्थ्याला कोणालाही न विचारता, स्वतःच्या कानांनी किंवा बोटांनी तपासता आले पाहिजे.

चाकोरीतले प्रकल्प कुठे अडतात

पायथॉनची बहुतेक पुस्तके नवशिक्याला टर्टल देतात. कासव पडद्यावर फिरते आणि चौकोन किंवा चांदणी काढते. डोळस मुलाला चौकोन वाकडा आला हे क्षणात दिसते आणि तो कोन सुधारतो. अंध मुलाला मात्र ‘सर, आला का चौकोन?’ असे विचारावे लागते. शिकण्याची खरी प्रक्रिया करणे, चुकणे, ओळखणे आणि सुधारणे या चक्रात असते. त्यातले ‘ओळखणे’ दुसऱ्याच्या हाती गेले की चक्रच थांबते.

स्क्रॅचची अडचण आणखी आधीची आहे. तिथे रंगीत ठोकळे माउसने ओढून एकमेकांत बसवायचे असतात. ज्याच्या हातात फक्त कीबोर्ड आहे, त्याचे काम पहिल्याच पायरीवर अडते.

पुस्तकांत त्यानंतर येतो बटणांचा कॅल्क्युलेटर, आणि तो सहसा टीकिंटर वापरून बनवलेला असतो. टीकिंटर स्वतःची बटणे पडद्यावर रंगवते, पण ‘इथे बटण आहे, त्याचे नाव अमुक’ ही माहिती स्क्रीन रीडरला धडपणे देत नाही. कोड अगदी बरोबर असतो, खिडकीही उघडते, आणि स्क्रीन रीडर गप्प बसतो. विद्यार्थी आपली चूक शोधत राहतो. पायथॉनसोबत येणारा आयडल हा संपादकही टीकिंटरवरच उभा आहे, त्यामुळे अनेकांची सुरुवात तिथेच फसते. त्याऐवजी नोटपॅड, नोटपॅड प्लस प्लस किंवा व्हीएस कोड घ्यावा. पुढे कधी खिडक्या आणि बटणे बनवायची झाली तर डब्ल्यूएक्सपायथॉन वापरावे. ते विंडोजची स्वतःची बटणे वापरते आणि ती स्क्रीन रीडरला कळतात. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या स्वतःच्या खिडक्या त्यातच बनवलेल्या आहेत.

पहिल्या प्रकल्पाला मात्र खिडकी नकोच. प्रश्न छापावा, उत्तर टंकून घ्यावे आणि निकाल छापावा, एवढे पुरते. कमांडच्या खिडकीत उमटलेली नवी ओळ स्क्रीन रीडर आपणहून वाचतो. बोलण्यासाठी वेगळी लायब्ररी लागत नाही.

गरज स्वतःची, आकार बेताचा

निकाल स्वतः तपासता येणे ही पहिली कसोटी झाली. दुसरी कसोटी गरजेची. ज्या गोष्टीने विद्यार्थ्याला रोज त्रास होतो, तिच्यातून प्रकल्प निघाला तर तो अर्धवट सुटत नाही. अंध प्रोग्रामरांचा इतिहास हेच सांगतो. २००६ साली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने एनव्हीडीए लिहायला घेतला, कारण त्या काळचे चांगले स्क्रीन रीडर फार महाग होते. जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला. आज एनव्हीडीए जगभर मोफत मिळतो आणि त्याचा मोठा भाग पायथॉनमध्ये आहे, म्हणजे आपले विद्यार्थी शिकत आहेत त्याच भाषेत.

दुसरे नाव आपल्या पुण्याचे. टी. व्ही. रामन यांचा जन्म पुण्यात १९६५ साली झाला. काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठ आणि आयआयटी मुंबई येथे शिकून ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. गणिताची लांबलचक सूत्रे ऐकून समजत नाहीत ही त्यांची स्वतःची अडचण होती. ती सोडवणारी, गणिती मजकूर नीट वाचून दाखवणारी प्रणाली हाच १९९४ सालच्या त्यांच्या पीएच.डी.चा विषय झाला. पुढच्याच वर्षी त्यांनी ईमॅक्स या संपादकाला बोलता करणारे ईमॅकस्पीक प्रसिद्ध केले.

आपल्या विद्यार्थ्याने पहिल्याच महिन्यात एवढी मजल मारावी असे कोणी म्हणत नाही. पण सुरुवात कुठून करायची हे या दोन उदाहरणांतून शिकता येते : आपल्याला नडणाऱ्या गोष्टीपासून.

तिसरी कसोटी आकाराची. डोळस माणूस कोडवर वरून खाली नजर टाकतो. ऐकणारा एकेक ओळ ऐकतो आणि बाकीचे डोक्यात धरून ठेवतो. म्हणून पहिला प्रकल्प तीस-चाळीस ओळींत संपावा. त्यातले प्रत्येक फंक्शन आठ-दहा ओळींचे असावे आणि नाव असे असावे की ऐकताच काम कळेल. पायथॉनमध्ये कोणती ओळ कोणत्या लूपच्या आत आहे हे सुरुवातीच्या मोकळ्या जागेवरून ठरते. एनव्हीडीए ती जागा आकड्याने सांगू शकतो किंवा सुराने. ओळ जितकी आत, तितका सूर वर चढतो. थोड्या सरावानंतर विद्यार्थी लूप कुठे संपला हे सुरावरूनच ओळखू लागतो.

तीन प्रकल्प, चढत्या क्रमाने

*पाढे विचारणारा प्रोग्राम.* संगणक दोन संख्या निवडतो, गुणाकार विचारतो, उत्तर तपासतो आणि दहा प्रश्नांनंतर गुण सांगतो. इनपुट, इफ, लूप, मोजणी असे आतापर्यंत शिकलेले सगळे यात येते आणि निकाल ऐकून लगेच पडताळता येतो. याच प्रकल्पात ऐकणाऱ्यासाठी लिहिण्याची पहिली शिस्त लागते. ‘तुम्ही दिलेले उत्तर तपासले असता ते चुकीचे आढळले’ असे वाक्य छापू नये. ‘चूक. उत्तर ५६.’ असे छापावे. स्क्रीन रीडर वापरणारा कामाचा शब्द कानावर पडताच कंट्रोल दाबून आवाज थांबवतो, म्हणून कामाचा शब्द आधी यायला हवा. बरोबरला हिरवा आणि चुकीला लाल असे रंग, ओळभर चांदण्या किंवा रेघा हेही टाळावे. रंग ऐकू येत नाहीत आणि चांदण्या एकेक करून ऐकाव्या लागतात.

*फाइलींना नावे देणारा प्रोग्राम.* बरेच अंध विद्यार्थी तासाचे ध्वनिमुद्रण करतात. यंत्र त्या फाइलींना ‘रेकॉर्डिंग’ आणि पुढे आकडा असे नाव देते. फोल्डरमध्ये बाणाने खाली जाताना प्रत्येक फाइलीवर आधी ‘रेकॉर्डिंग’ ऐकायचे आणि मग आकडा. नाव विषयाने सुरू झाले तर ‘इतिहास’ची पहिली अक्षरे टंकताच तिथे पोहोचता येते. हे काम प्रोग्रामकडून करून घ्यावे. यात एक धडा आपोआप मिळतो. पायथॉन नावांचा क्रम अक्षरांप्रमाणे लावतो, त्यामुळे १ नंतर २ येण्याऐवजी १० येतो. विद्यार्थ्याला हे यादी ऐकतानाच खटकते आणि आकडे ०१, ०२ असे लिहिण्याचे कारण कळते. एक पथ्य मात्र कडक पाळावे. आधी जुने नाव आणि नवे नाव फक्त छापून ऐकावे, फाइलींना हात लावू नये. यादी बरोबर आहे अशी खात्री पटल्यावरच, तीही प्रतींवर, खरी नावे बदलावीत.

*देवनागरीचे ब्रेल करणारा प्रोग्राम.* हा माझ्या सर्वांत आवडीचा प्रकल्प, कारण यात अंध विद्यार्थीच जाणकार असतो. ब्रेलच्या सहा ठिपक्यांना युनिकोडमध्ये एकेक किंमत दिली आहे : पहिल्याला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ४, चौथ्याला ८, पाचव्याला १६, सहाव्याला ३२. अक्षरातल्या ठिपक्यांच्या किमती मिळवायच्या आणि त्यात १०२४० मिळवायचे, की त्या ब्रेल चिन्हाचा युनिकोड क्रमांक येतो. ‘काम’ हा शब्द घेऊ. ‘क’ म्हणजे ठिपके १ आणि ३, बेरीज ५, क्रमांक १०२४५. काना म्हणजे ३, ४, ५, बेरीज २८, क्रमांक १०२६८. ‘म’ म्हणजे १, ३, ४, बेरीज १३, क्रमांक १०२५३. द्विमान पद्धती शिकवायला याहून चांगले साधन मला माहीत नाही. विद्यार्थ्याची बोटे ती लहानपणापासून वाचत आली आहेत.

अक्षर आणि त्याचे ठिपके यांची जोडी ठेवायला पायथॉनची डिक्शनरी लागते, म्हणजे एक नवी गोष्ट शिकणे होते. खरी मजा जोडाक्षरापाशी आहे. ‘शब्द’ मधल्या ‘ब्द’ साठी युनिकोडमध्ये क्रम असतो : ब, हलन्त, द. भारती ब्रेलमध्ये हलन्ताचा चौथा ठिपका ‘ब’च्या आधी येतो. नुसते अक्षरामागून अक्षर बदलत गेले तर जोडाक्षर चुकते. प्रोग्रामला पुढे डोकावून पाहावे लागते : पुढचे चिन्ह हलन्त आहे का? असेल तर आधी चौथा ठिपका, मग अक्षर. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना ब्रेलमध्ये स्वतंत्र चिन्हे आहेत, म्हणून ते अपवाद आधी तपासायचे. ब्रेल न शिकलेल्या शिक्षकाला ही चूक दिसणारही नाही. विद्यार्थ्याला ती लगेच सापडते.

यासाठी महागडा ब्रेल डिस्प्ले लागतोच असे नाही. प्रोग्रामने चिन्हांऐवजी ‘१-३, ३-४-५, १-३-४’ असे ठिपक्यांचे आकडे छापले तरी ऐकून पडताळा होतो. विंडोजवर एक अडथळा हमखास येतो. देवनागरी मजकूर फाइलमध्ये लिहिताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे असे स्पष्ट सांगितले नाही, तर पायथॉन अनेकदा त्रुटी देऊन थांबतो. फाइल उघडण्याच्या आज्ञेतच ते लिहून टाकावे.

शिक्षकांना आणि पालकांना

डोळस शिक्षकांकडून एक चूक मायेपोटी होते. विद्यार्थी अडला की ते माउस हाती घेतात, चुकलेली ओळ दुरुस्त करतात आणि ‘आता चालव’ म्हणतात. प्रोग्राम चालतो, पण विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही. त्रुटीचा संदेश त्यालाच वाचू द्यावा. पायथॉनच्या संदेशात नेमकी तक्रार शेवटच्या ओळीत असते, म्हणून वाचन खालून वर करायला शिकवावे : आधी तक्रार, मग ओळीचा क्रमांक. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल आणि जी दाबून तो क्रमांक टंकला की थेट त्या ओळीवर जाता येते. यात वेळ जातो, पण हा वेळ शिकण्याचाच आहे. अभ्यासक्रमात टर्टल किंवा टीकिंटर सक्तीचे असेल, तर त्याच संकल्पना शिकवणारा ऐकता येण्याजोगा पर्याय मागावा आणि शाळेनेही तो द्यावा. चौकोनाच्या लूपमध्ये जे शिकायचे असते, ते पाढ्यांच्या लूपमध्येही शिकता येते.

पुढच्या लेखांकात आपण पाढ्यांचा प्रोग्राम ओळीओळीने लिहू आणि त्यातल्या चुका ऐकून कशा शोधायच्या ते पाहू. तोवर विद्यार्थ्यांनी एवढे करावे : आपल्याला रोज नडणारी एक गोष्ट एका वाक्यात लिहावी, आणि त्याखाली दुसरे वाक्य लिहावे, ‘माझा प्रोग्राम बरोबर चालला हे मला असे कळेल.’ हे दुसरे वाक्य कोणाच्याही डोळ्यांची मदत न घेता खरे ठरत असेल, तर प्रकल्प पक्का समजावा. ठरत नसेल, तर प्रकल्प बदलावा.